‘दक्षिण’ म्हणजे उजवा हात : दिशावाचक शब्दांतील देह आणि इतिहास

‘दक्षिण’ ह्या शब्दाचा अर्थ विचारला असता मराठी विद्यार्थी एका दिशेचे नाव सांगतो. संस्कृताशी ज्याचा थोडा परिचय झाला आहे तो त्यात ‘उजवा’ ह्या दुसऱ्या अर्थाची भर घालतो. परंतु हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदू लागले, हा प्रश्न आमच्या वर्गांतून सहसा विचारला जात नाही. आणि विचारला गेलाच तर ‘आपले पूर्वज पूर्वाभिमुख होते’ असे एक ठरावीक वाक्य सांगून तो मिटविला जातो. हे वाक्य खोटे नाही. मात्र त्यावरून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पुढे जी अनुमाने निघतात ती फार सैल असतात. शब्दाची व्युत्पत्ती सापडली की तो शब्द वापरणाऱ्या सर्व पिढ्यांच्या विचाराची किल्ली सापडली, असे गृहीत धरले जाते. मनुष्याचा देह त्याच्या विचाराला आकार देतो हे तत्त्व अलीकडे बरेच मान्यता पावले आहे. लेकॉफ आणि जॉन्सन ह्यांच्या 1980 व 1999 मधील ग्रंथांनी ते भाषाशास्त्राच्या बाहेरही नेले. ह्या तत्त्वाला शब्दांचा इतिहास कितपत दुजोरा देतो, हे दिशावाचक शब्दांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. उगवत्या सूर्याकडे तोंड करून मनुष्य उभा राहिला म्हणजे समोर येते ती ‘पूर्व’, पाठीशी राहते ती ‘पश्चिम’ आणि उजव्या हातास येते ती ‘दक्षिण’. ‘पूर्व’ शब्दाचा मूळ अर्थ पुढचा, पहिला. ‘पश्चिम’ शब्दाचा मागचा, शेवटचा. ‘दक्षिण’ हा ग्रीक ‘देक्सिओस’ आणि लॅटिन ‘देक्स्तेर’ ह्यांचा सगोत्र असून त्या दोन्ही भाषांत तो उजव्या हाताचाच वाचक आहे. ‘प्राची’ आणि ‘प्रतीची’ ही दुसरी जोडीही ह्याच वळणाची आहे : पहिली पुढे वळलेली, दुसरी उलट वळलेली.

चौथी दिशा मात्र ह्या चौकटीत बसत नाही. डाव्या हाताच्या दिशेला ‘सव्या’ किंवा ‘वामा’ असे नाव पडावयास हवे होते. पडले ‘उत्तर’, म्हणजे अधिक वरची. ‘उदीची’ म्हणजेही वर गेलेली, आणि तिच्या विरुद्ध ‘अवाची’ म्हणजे खाली गेलेली. ह्याचा संबंध हिमालयाकडे चढत जाणाऱ्या भूमीशी जोडण्यात येतो. कोशांत ‘उत्तर’ शब्दाला ‘डावा’ असाही एक अर्थ दिलेला आढळतो. परंतु तो दिशेवरून देहाकडे उलट प्रवास करून आलेला असावा, हेच सयुक्तिक वाटते. म्हणजे चार नावांपैकी तीन देहाने दिली आणि चौथे भूमीने दिले. आरंभापासूनच ही व्यवस्था मिश्र आहे, ही गोष्ट ‘पूर्वाभिमुख पूर्वजां’च्या वाक्यात निसटून जाते.

असे नामकरण एकट्या संस्कृतात झाले असे नाही. प्राचीन आयरिश भाषेत ‘देस’ म्हणजे उजवा आणि दक्षिणही. तेथे डाव्या बाजूचा शब्द उत्तरेलाही चालतो, आणि पश्चिमेच्या शब्दाला ‘नंतर’ हा अर्थ आहे. हिब्रूत ‘यामीन’ म्हणजे उजवा हात आणि दक्षिण दिशा. अरबांचा ‘यमन’ हा उजव्या हाताचा देश, तर ‘शाम’, म्हणजे सीरियाचा प्रदेश, डाव्या हाताचा. ह्या सर्व भाषा बोलणारे लोक नाव देते वेळी सूर्योदयाकडे पाहत होते.

पण मंगोल भाषेकडे वळलो की चित्र फिरते. तेथे उजव्या बाजूचा ‘बारून’ हा शब्द पश्चिमेचा वाचक आहे आणि डावी बाजू ती पूर्व. मंगोलांच्या तंबूचे दार दक्षिणेस असते. दारातून बाहेर पाहणाऱ्याच्या उजवीकडे पश्चिमच येणार. त्याहून अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण अवेस्ताचे आहे. पारशी धर्मग्रंथांची ही भाषा वेदभाषेची सख्खी बहीण. तिच्यात उत्तर दिशेला ‘अपाख्तर’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठीमागची’ असा आहे. म्हणजे एका बहिणीने नाव देताना सूर्योदयाकडे तोंड केले, तर दुसरीने दक्षिणेकडे. देह तोच, त्याला एक पुढची बाजू आणि एक मागची बाजू, हात दोन. परंतु तोंड कोणीकडे करावयाचे हे देहाने सांगितले नाही. ते उपासनेने सांगितले, घराच्या दाराने सांगितले, कदाचित वाऱ्याने आणि थंडीनेही सांगितले असेल. ‘अपाख्तर’चा फारसी वंशज ‘बाख्तर’ आज पश्चिमेचा वाचक आहे, इतका तो शब्द आपल्या देहापासून दूर गेला.

दोन हातांपैकी एकाला श्रेष्ठत्व का मिळाले, ह्याची चिकित्सा रोबेर हर्त्झ ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1909 मध्ये एका निबंधात केली. हर्त्झ 1915 मध्ये महायुद्धात मारला गेला, आणि त्याचा निबंध इंग्रजीत येण्यास 1960 उजाडले. त्याचे म्हणणे असे की उजव्या हाताचे कौशल्य हा निसर्गाने दिलेला एक लहानसा उतार आहे. समाज त्या उतारावर पवित्र-अपवित्राचा सगळा भार ठेवतो. मराठीतील ‘उजवा’ हा शब्द ह्या दृष्टीने बोलका आहे. त्याचा संबंध ‘ऋजु’, म्हणजे सरळ, ह्या शब्दाशी लावला जातो. ‘उजवणे’, ‘उजू’ हे शब्द त्याच कुळातील. ‘डावा’ मात्र संस्कृतातून सरळ आलेला नाही. प्राकृत कोशकारांनी त्याचे पूर्वरूप देशी शब्दांत घातले आहे. आणि ‘डावलणे’ ह्या क्रियापदाला मराठीत कोणता अर्थ आहे हे सांगावयास नको.

तथापि भारतीय कर्मकांडात हर्त्झच्या सूत्राला एक पेच पडतो. उजवी बाजू शुभ. म्हणूनच देवाला उजवी घालून प्रदक्षिणा करावयाची. पण त्याच शब्दाने ओळखली जाणारी दिशा यमाची आणि पितरांची. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, असे घरोघरी सांगत आले. देवकार्यात यजमान पूर्वेकडे तोंड करतो आणि यज्ञोपवीत डाव्या खांद्यावर असते. पितृकार्यात तो दक्षिणेकडे वळतो आणि यज्ञोपवीत उजव्या खांद्यावर जाते. एकाच नावाची बाजू मंगल आणि दिशा अमंगल, हे कसे? दिशेचे नाव पडल्यानंतर तिचा अर्थ हाताच्या अर्थाशी बांधलेला राहिला नाही, एवढेच ह्याचे उत्तर देता येते. दिशेला स्वतंत्र संसार मिळाला. खांदे पालटण्याच्या ह्या क्रियेतूनच ‘सव्यापसव्य’ हा शब्द मराठीत आला आणि आता तो निव्वळ निरर्थक खटाटोपाचा वाचक झाला आहे. कचेरीत एका दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरणारा माणूस ‘हे सव्यापसव्य कशाला’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात खांदाही नसतो आणि पितरही नसतात.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. कारण ह्या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच खोदलेला आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेणे नागनिकेच्या लेखासाठी प्रसिद्ध आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासच्या ह्या प्राकृत लेखात सातवाहनांनी केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची लांबलचक मोजदाद आहे : गायी, घोडे, कार्षापणे. ‘दखिना’ हा शब्द तेथे पुनःपुन्हा येतो. त्याच लेखात राजाची ‘दखिनापठपति’ ही पदवीही वाचली गेली आहे. पुढे इ. स. 150 च्या सुमारास रुद्रदामन्‌च्या जुनागड येथील लेखात ‘दक्षिणापथपति सातकर्णी’ ह्याला दोनदा जिंकल्याचा उल्लेख येतो. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथाचा कर्ता भडोचच्या पलीकडील प्रदेशाचे नाव ‘दखिनाबदेस’ असे सांगतो आणि येथील लोकांच्या भाषेत ‘दखनोस’ म्हणजे दक्षिण, असा खुलासाही करतो.

शत्रूने एखाद्या राजाला दक्षिणापथाचा स्वामी म्हणावे, परदेशी व्यापाऱ्याने ते नाव टिपून घ्यावे, ह्यात नवल नाही. नवल आहे ते त्या राजाने स्वतःला तसे म्हणवून घेण्यात. विंध्याच्या उत्तरेस, गंगेच्या खोऱ्यात पूर्वाभिमुख उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला आमचा प्रदेश येतो. प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात, उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला तो येत नाही. तो त्याच्या पायाखाली असतो. ज्या घटकेस सातवाहन राजाने ही पदवी धारण केली त्या घटकेस ‘दक्षिण’ शब्दातून बोलणाऱ्याचा देह निघून गेला होता, असे म्हणावे लागते. उरले ते एका भूभागाचे नाव. पुढे त्याचेच ‘दख्खन’ झाले आणि दख्खनचे म्हणवून घेण्यात अभिमानही आला. ‘सातवाहनकालीन लोक दिशेचा विचार उजव्या हाताने करीत’ असे विधान व्युत्पत्तीच्या बळावर जो करील त्याला हा शिलालेखच अडवील. व्युत्पत्ती साक्ष देते ती पहिल्या नामकरणाची. त्यानंतरच्या विचारांची साक्ष निराळ्या ठिकाणी शोधावी लागते.

ती कोठे मिळते? शब्दाच्या अर्थात नसेल तर कधीकधी शब्दांच्या क्रमात मिळते. ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या सीमा सांगण्याची जी पद्धत आहे तिला ‘चतुराघाट’ म्हणतात. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव ह्यांच्या दानपत्रांत ती वारंवार येते. तिचा नेहमीचा क्रम पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असा आहे. सीमा सांगणारा पूर्वेपासून निघून गाव आपल्या उजवीकडे ठेवीत फिरतो. तो शब्दांनी गावाला प्रदक्षिणाच घालतो. कोरणाऱ्या लेखकाला ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हात हे आठवत होते की नाही ह्याला महत्त्व नाही. चालणारा देह त्या क्रमात शिल्लक आहे. आजच्या अनेक खरेदीखतांत चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशा समोरासमोरच्या जोड्यांनी लिहिलेली दिसते. हा क्रम फिरणाऱ्या माणसाचा नसून टेबलावर नकाशा पसरून बसलेल्या माणसाचा आहे. हा पालट नेमका कोणत्या दशकांत घडला, मोजणीच्या नकाशांशी त्याचा संबंध कितपत आहे, हा दप्तरखान्यात बसून करण्याजोगा चांगला अभ्यास होईल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो हाती घेतला तर आनंद वाटेल.

संस्कृत नावे लेखी व्यवहारात राहिली तरी मराठी बोलीने आपली नावे निराळी केली. ‘उगवत’ आणि ‘मावळत’ ह्या शब्दांत देह मुळीच नाही. केवळ सूर्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजीच्या बोलण्यात डावे-उजवे क्वचितच येई. कोनाडा उगवतीचा, पडवी मावळतीची. अंधारातसुद्धा तिला हे विचारावे लागत नसे. ‘मावळ’ हे प्रदेशनामही ह्याच क्रियापदावरून आले, अशी व्युत्पत्ती दिली जाते. ती मान्य केल्यास ते नाव देशावरच्या माणसाने दिले असले पाहिजे, कारण कोकणातून पाहणाऱ्याला मावळ उगवतीकडे आहे. दख्खनचीच ही लहान आवृत्ती म्हणावयाची.

कोकणाने आणखी एक व्यवस्था जपली आहे. सह्याद्रीकडचा उंच पट्टा ‘वलाटी’ आणि समुद्राकडचा सखल पट्टा ‘खलाटी’. ‘वर घाटावर’ जाणे आणि ‘खाली कोकणात’ उतरणे हे तर सर्वांच्याच तोंडी आहे. ह्याची तुलना मेक्सिकोतील चियापास प्रांतात बोलल्या जाणाऱ्या त्सेल्ताल ह्या माया कुळातील भाषेशी करता येते. तेथे चढणीकडचा आणि उतरणीकडचा हे शब्द सपाट टेबलावरच्या दोन वस्तूंसाठीही वापरतात. एक बाटली दुसरीच्या ‘चढणीकडे’ असते. मराठीत ‘वर-खाली’ची मजल प्रदेशापर्यंतच आहे, ताटातली वाटी आम्ही खलाटीकडे सरकवीत नाही.

भाषेतील ह्या भेदाचा विचारावर काय परिणाम होतो, ह्याविषयी स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. टेबलावर खेळण्यांची रांग दाखवावयाची, मग माणसाला उलट बाजूस वळवून दुसऱ्या टेबलावर तशीच रांग मांडावयास सांगावयाचे. डच भाषिकांनी डावे-उजवे कायम ठेवले. त्सेल्ताल भाषिकांनी दिशा कायम ठेवली. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर ह्या भाषेविषयीही असेच आढळले. ‘कांगारू’ हा शब्द जगाला देणाऱ्या त्या भाषेत वस्तूंची जागा सांगताना माणसे ‘तुझ्या डावीकडे’ न म्हणता ‘तुझ्या पश्चिमेस’ अशा वळणाने बोलतात. लेव्हिन्सन ह्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ 2003 मध्ये निघाला. त्यापूर्वीच, 2002 मध्ये, ली आणि ग्लाइटमन ह्यांनी आक्षेप घेतला होता की सभोवारच्या खुणा दिसू लागल्या म्हणजे अमेरिकन विद्यार्थ्यांची उत्तरेही बदलतात. तेव्हा कारण भाषा नसून परिसर असेल. लेव्हिन्सन-पक्षाने त्याच वर्षी उत्तर दिले, आणि वाद अद्याप पूर्णपणे शमलेला नाही.

ह्या वादात भारतीय पुराव्याचा उपयोग फार कमी केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. रमेश मिश्र आणि पिएर दासेन ह्यांनी वाराणसी व नेपाळ येथील मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वाराणसीत एकाच शहरात राहणाऱ्या मुलांपैकी संस्कृत पाठशाळेतील मुले, हिंदी माध्यमाच्या शाळांतील मुलांपेक्षा, पूर्व-पश्चिमादी दिशांच्या आधारे वस्तूंची मांडणी अधिक प्रमाणात लक्षात ठेवतात, असे त्यांना दिसले. परिसर तोच आणि देहही तसलेच. निराळे होते ते शिक्षण. ज्या विधींत तोंड कोणीकडे करावयाचे ह्यावर फळ अवलंबून असते त्यांचे शिक्षण रोज घेणारा मुलगा दिशा विसरेल कसा? मला ह्या उदाहरणाचे मोल प्रयोगशाळेतील दहा प्रयोगांहून अधिक वाटते. देह, भाषा आणि परिसर ह्या तिघांच्या भांडणात चौथा, म्हणजे शिस्तबद्ध सवय, बाहेरच राहिला होता.

दिशांचे शब्द काळालाही लागू होतात, आणि तेथे मराठीची एक लकब लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरचा आणि आधीचा. ‘पश्चात्’ म्हणजे पाठीमागे आणि नंतर. पूर्वज पुढे गेले, आपण त्यांच्या पाठीमागून आलो. ‘उत्तर’ शब्दानेही ‘नंतरचा’ हा अर्थ घेतला. लीळाचरित्राचा पूर्वार्ध आधी आणि उत्तरार्ध नंतर. मराठीत मात्र ‘मागचे वर्ष’ म्हणजे गेलेले आणि ‘पुढचे वर्ष’ म्हणजे येणारे. वरवर पाहता मराठीने काळाला पाठ फिरविली, किंवा पाठ असलेल्या काळाकडे तोंड केले. परंतु तीच मराठी ‘मागाहून येतो’ म्हणते तेव्हा तिला ‘नंतर येतो’ असे म्हणावयाचे असते! ‘मागचा’ म्हणजे आधीचा आणि ‘मागाहून’ म्हणजे नंतर : एकाच शब्दाची ही दोन तोंडे.

ह्याचा उलगडा ‘माग’ शब्दात आहे. ‘माग’ म्हणजे पाऊलखूण, वाट. संस्कृत ‘मार्ग’ हे त्याचे मूळ. प्राकृतात ‘मग्ग’ शब्द ‘पाठीमागे’ ह्या अर्थी येतो आणि आपला ‘मग’ही ह्याच घराण्यातील मानतात. पायवाटेवरून माणसे एकामागून एक चालली आहेत असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. जो दुसऱ्याच्या मागावर चालतो तो नंतर पोचतो, म्हणून ‘मागाहून’. पण मी स्वतः चालत असलो तर जे ओलांडले ते माझ्या मागे राहते. म्हणून ‘मागचे वर्ष’. रांगेकडे बाहेरून पाहणारा एक आणि रांगेत चालणारा दुसरा. हर्बर्ट क्लार्क ह्यांनी 1973 मध्ये इंग्रजीच्या संदर्भात हाच भेद मांडला होता. इंग्रजीत सभा ‘पुढे सरकविली’ असे म्हटल्यावर ती लवकर होणार की उशिरा, ह्याविषयी श्रोत्यांत दोन तट पडतात. मराठीत सभा ‘पुढे ढकलली’ म्हणजे लांबलीच. ‘परवा’ हा शब्द तर दोन्हींच्या पलीकडचा आहे. परवा गेलो होतो, परवा जाईन : तेथे पुढे-मागे नाहीच, आजपासूनचे अंतर तेवढे आहे.

दक्षिण अमेरिकेतील आयमारा लोकांच्या भाषेत भूतकाळाचा शब्द ‘डोळा, समोर’ ह्या अर्थाचा आणि भविष्याचा शब्द ‘पाठ’ ह्या अर्थाचा आहे. न्यून्येझ आणि स्वीट्सर ह्यांनी 2006 मध्ये दाखविले की जुन्या पिढीतील आयमारा भाषिक गेलेल्या दिवसांविषयी बोलताना हातही समोर करतात. त्या शब्दांत देह अजून जिवंत आहे, असे म्हणण्यास येथे व्युत्पत्तीवाचून दुसरा, स्वतंत्र आधार मिळाला. उलट ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क भागातील पोर्मपुराव येथे बोरोडित्स्की आणि गॅबी ह्यांनी 2010 मध्ये नोंदविले की तेथील माणसे घटनांची चित्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे मांडतात. तोंड दक्षिणेस असेल तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेस असेल तर उजवीकडून डावीकडे, पूर्वेस असेल तर दुरून स्वतःकडे. त्यांच्या काळाला सूर्य आहे, पाठपोट नाही.

मराठीविषयी अशा हातवाऱ्यांच्या नोंदी करणे अवघड नाही. वर्गात, प्रवासात, बाजारात गेली काही वर्षे प्रस्तुत लेखक तिकडे लक्ष देत आला आहे. ‘मागच्या वर्षी’ म्हणताना बोलणाऱ्याचा हात खांद्यावरून मागे गेलेला अनेकदा दिसतो. ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो’ म्हणताना ‘पुढे’ ह्या शब्दाला हात वाटेकडे जातो. ‘मागाहून’ ह्या शब्दाला तो बहुधा जागचा हलत नाही.